तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायव्हरला टी किती उंच ठेवायची?

"मॅम, टी किती ठेवू?" रविवारी सकाळी गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉलची बादली खाली ठेवली की पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. नव्याने शिकणाऱ्या मैत्रिणी विचारतात, त्यांची मुलं विचारतात, निवृत्तीनंतर खेळायला लागलेले काकाही विचारतात. सगळ्यांना एक आकडा हवा असतो, बॉल ज्या छोट्या खुंटीवर ठेवतो त्या टीच्या उंचीचा. तो आधी देऊन टाकते. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (गोल्फची काठी), बॉलच्या मागे जमिनीवर टेकवा. अर्धा बॉल क्लबच्या माथ्याच्या वर दिसला पाहिजे. आजच्या मोठ्या डोक्याच्या ड्रायव्हरचा माथा जमिनीपासून साधारण सहा सेंटिमीटरवर असतो आणि बॉलचा व्यास सव्वाचार सेंटिमीटरच्या थोडा वर. म्हणजे बॉलचं बूड जमिनीपासून जवळपास चार सेंटिमीटरवर आलं.

सुरुवात इथून करा. पण मी एवढं सांगून थांबले तर ते तुमच्यावर अन्याय केल्यासारखं होईल, कारण माझ्यावर तो झालेला आहे.

नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे मी चौतिसाव्या वर्षी एका कॅन्टोन्मेंटच्या कोर्सवर खेळायला शिकले. पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं, "लेडीजनी टी खालीच ठेवायची, निदान बॉलला लागेल तरी." मी दोन वर्षं ते निमूटपणे पाळलं. बॉल जमिनीलगत निघायचा, थोडा वर जायचा आणि जीव नसल्यासारखा पडायचा. माझ्या हातात ताकद नाही, असं मी धरून चालले होते. व्यायामशाळा लावली, तरी फरक शून्य.

मग एके दिवशी आमच्या कॅडीमामांनी, म्हणजे कोर्सवर बॅग वाहणाऱ्या मामांनी, माझा ड्रायव्हर हातात घेतला. ओल्या फडक्याने पुसायच्या आधी तो उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "मॅडम, हे बघा." फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, खालच्या कडेला, शेवटच्या दोन रेघांवर, बॉलच्या पांढऱ्या रंगाचे ओरखडे आणि गवताचा हिरवा डाग होता. वरचा सगळा भाग दुकानातून आणल्यासारखा चकचकीत. "बॉल सगळा तळाला लागतोय. टी वर घ्या, आणि बॉल डाव्या टाचेच्या रेषेत." इतकंच बोलून त्यांनी फेस पुसून टाकला.

फेसच्या खालच्या भागावर लागलेला बॉल का मरतो, हे मला पुढे समजलं. बॉल खाली लागला की त्या क्षणी क्लबचं डोकं किंचित पुढे झुकतं. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून उलट दिशांनी फिरतात, तसा बॉलला जादा बॅकस्पिन (उलट्या दिशेची फिरकी) मिळतो. शिवाय ड्रायव्हरचा फेस वरून खाली थोडा गोलसर असतो, त्यामुळे खालच्या भागात लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकाव, कमी. म्हणजे बॉल निघतो खालून आणि फिरतो जास्त. मध्याच्या जरा वर लागला तर नेमकं उलटं होतं: उडतो उंच, स्पिन कमी, आणि लांब जातो. तोच हात, तोच स्विंग.

आता कुणीही विचारेल की अर्धा बॉल माथ्याच्या वर असेल तर तो फेसच्या मध्यावर कसा लागणार? माथ्यालाच नाही का लागणार? लागत नाही, कारण बॉलपाशी येताना क्लब जमिनीवर टेकलेला नसतो. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या अलीकडे असतो, तिथून क्लब वर चढत असताना बॉल भेटतो. म्हणूनच बॉल पुढे, डाव्या टाचेच्या रेषेत ठेवायचा. टी उंच केली आणि बॉल मात्र पायांच्या मध्ये ठेवला, तर क्लब वरून खाली येताना बॉलच्या खाली घुसतो आणि बॉल सरळ आभाळात जातो. माथ्यावर ओरखडा पडतो तो तेव्हा. मग टीला दोष देऊन ती खाली केली जाते. कृपा करून तसं करू नका, आधी बॉल कुठे आहे ते बघा.

मला "टी खाली" सांगणारे खोटं बोलत नव्हते. ते लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरवर शिकलेले. त्या डोक्याचा फेस इतका बुटका असायचा की उंच टीवरच्या बॉलखालून क्लब निघून जायचा. त्याही आधी तर लाकडी टीच नव्हती. टीईंग ग्राउंडजवळ, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेजवळ, ओल्या वाळूची पेटी असायची, त्यातली चिमूटभर वाळू घेऊन तिचा छोटा ढीग करायचा आणि त्यावर बॉल ठेवायचा. बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी 1899 मध्ये लाकडी टीचं पेटंट घेतलं, पण ती कधी विकायला काढली नाही. बाजारात लाकडी टी रुळली ती 1920 च्या दशकात, विल्यम लोवेल यांच्या लाल टोकाच्या टीमुळे, आणि योगायोग असा की तेही दंतवैद्यच. पुढे धातूची डोकी आली, फुगत गेली, आणि 2004 मध्ये 460 घनसेंटिमीटरची मर्यादा घालावी लागली. क्लब इतका बदलला, सल्ला मात्र तिथेच राहिला. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण तो सल्ला सगळ्यात जास्त बायकांच्या वाट्याला येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच करतो.

ट्रॅकमॅन या रडारने फटके मोजणाऱ्या यंत्राच्या जुन्या, बहुतेक कोच वापरतात त्या सरासरीत पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांतले पुरुष ड्रायव्हर ताशी 113 मैलांनी फिरवतात आणि बॉलवर सव्वा अंश खालच्या दिशेने येतात. एलपीजीए या महिलांच्या टूरवरच्या बायका 94 मैलांनी फिरवतात, पण तीन अंश वरच्या दिशेने मारतात. वेग कमी असेल तर बॉल जास्त वेळ हवेत ठेवूनच अंतर मिळतं. त्यासाठी तो वर चढत्या क्लबने मारावा लागतो, आणि टी खाली असेल तर तसं मारायला जागाच उरत नाही. म्हणजे ज्यांचा स्विंग हळू आहे, त्यांनीच टी उंच ठेवायला हवी. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि आपल्या पुण्याचा उदयन मानेही तिथे खेळला, तेव्हापासून माझ्याकडे मुली जास्त येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

तुमची स्वतःची उंची शोधायची तर महागडं यंत्र लागत नाही. मुलांच्या फळ्याचा मार्कर घ्या, जो फडक्याने पुसला जातो तो. बॉलवर जाड ठिपका काढा, तो ठिपका क्लबकडे करून बॉल टीवर ठेवा आणि मारा. ठिपका फेसवर उमटतो. एकाच उंचीवर दहा बॉल मारा, दर वेळी खूण बघा आणि पुसा. एका फटक्यावरून काही ठरवू नका. बहुतेक खुणा मध्याच्या खाली असतील तर टी तीन-चार मिलिमीटर वर घ्या आणि पुन्हा दहा मारा. खुणा मध्याच्या किंचित वर येऊन स्थिरावल्या की ती तुमची उंची. कुणाची साडेतीन सेंटिमीटर निघते, कुणाची साडेचार. माझी चार आहे.

फक्त हे मॅटवर आधीच लावलेल्या, मिळेल त्या रबरी टीवर करू नका. ती टी ज्या उंचीची असेल तीच उंची अंगवळणी पडते, आणि कोर्सवर गेलं की सगळं बिघडतं. रेंजला रबरी टी दोन-तीन मापांच्या असतात, मागून घ्या, लाजू नका.

लाकडी टी घेताना लांबी बघा. 54 मिलिमीटरची टी चार सेंटिमीटर वर ठेवली तर जमिनीत दीड सेंटिमीटरसुद्धा राहत नाही, वाऱ्याने बॉल पडतो. (मारायच्या आधी पडला तर दंड नाही, परत ठेवायचा.) 70 ची ठीक, 83 ची उत्तम. नियमाप्रमाणे चार इंचांपर्यंत चालते, पण तेवढी लागत नाही.

समोरून वारा असला की टी खाली करण्याची सवय पुष्कळांना आहे. मला ती पटत नाही. टी खाली केली की बॉल पुन्हा तळाला लागतो, स्पिन वाढतो, आणि वाऱ्यात तो आणखी वर चढून जागच्या जागी पडतो. उंची तीच ठेवा, स्विंग जरा शांत करा. थ्री वूडला (ड्रायव्हरपेक्षा लहान डोक्याचा क्लब) गवताच्या एक सेंटिमीटर वर, आयर्नला (चपट्या धातूच्या डोक्याचा क्लब) जेमतेम गवताला टेकलेली, एवढं पुरे.

आपल्याकडे खरा घोळ जमिनीचा होतो. मे महिन्यात टी आत जात नाही, म्हणून ती उंच राहते. जुन्या मोडक्या टीने आधी भोक पाडून घ्या. ऑगस्टमध्ये अंगठ्याचा थोडा जोर जास्त झाला की ती लोण्यात गेल्यासारखी बुडते. अंदाजावर राहिलात तर एकाच राउंडमध्ये पाच उंच्या होतात. म्हणून माझ्या प्रत्येक टीवर, वरून चार सेंटिमीटरवर, निळ्या बॉलपेनची एक रेघ असते. रेघ जमिनीला टेकली की थांबायचं. पुढच्या रविवारी तुमच्या टी घेऊन या. पेन आणि पट्टी माझ्या बॅगच्या वरच्या कप्प्यात असते.