चौकशी न करता खा

मंगळवार, रात्री

आज पुण्याहून होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला. थंडीचं झालं, हॉलच्या भाड्याचं झालं, रविवारी साखरपुड्याला किती माणसं येतील ते झालं. मग जरा घुटमळून म्हणाले, "सर, एक विचारू का? रागावू नका. जेवणात डुक्कर असणार का?"

"असणारच की," तोंडातून निघून गेलं. वसईत ख्रिस्ती घरचं कार्य आणि पोर्क नाही, असं काही असू शकतं हे मला साठी उलटली तरी सुचलेलं नव्हतं. लग्नाच्या जेवणात सोरपोतेल नसेल तर लोक आहेराची पाकिटं परत नेतील अशी आमची समजूत.

ही मंडळी सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती. शनिवार पाळतात, दारूला शिवत नाहीत आणि बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात जे अशुद्ध म्हटलंय ते खात नाहीत. मुलगी गोड आहे, पोरगा तिच्यापायी वेडा आहे. मिश्र विवाहाच्या परवानगीचा अर्ज फादरांनी हसत हसत पुढे पाठवला होता. गाडं अडलं ते डुकरावर.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग करू नका." ताईला फोनवर सांगितलं तर ती उसळली. "म्हणजे आपण काय बाटलेले? आपल्या बापजाद्यांनी खाल्लं ते पाप?" तिला म्हटलं, तसं कोणी म्हटलेलं नाही. "मग विचारलं कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला.

बुधवार

दुपारी शास्त्र, म्हणजे बायबल, काढून बसलो. आम्ही कॅथलिक लोक शास्त्र घरात ठेवतो, वाचायचं काम फादरांवर सोपवतो. पण निवृत्त मास्तराला वेळ असतो.

लेवीय ११ मध्ये आहे ते स्पष्ट आहे. खूर दुभंगलेले हवेत आणि जनावर रवंथ करणारं हवं. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करत नाही, म्हणून बाद. मी खाली वाचत गेलो आणि नवव्या ओवीला थबकलो. पाण्यातलं तेवढंच खा ज्याला पंख आणि खवले आहेत. म्हणजे कोळंबी गेली. चिंबोरी गेली. कालवं, तिसऱ्या, माकुल, शिंगाळा, सगळं गेलं. रविवारच्या यादीत कोळंबी भात आहे! हिला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, ओवी वाचली आणि म्हणाली, "डुकराशिवाय राहता येईल हो. हे जरा जास्त झालं."

बोंबलाचं काय, असा प्रश्न पडला. संध्याकाळी पाचूबंदरच्या मासळीवाल्या मावशी आल्या होत्या, त्यांना विचारलं. त्यांनी बोंबील उलटा करून दाखवला: शेपटीकडच्या अर्ध्या अंगाला बारीक खवले असतात, हाताला लागायच्या आत सुटून जातात. चाळीस वर्षं बोंबील खातोय, मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "मास्तर, आज हे का?" मी म्हटलं, "पुण्याचे पाहुणे आहेत." त्यांनी मान डोलावली. पुण्याचे म्हटल्यावर त्यांना सगळं समजलं.

आता आमची बाजू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०. येशूचा शिष्य पेत्र यापोला समुद्राकाठी एका चामडं कमावणाऱ्याच्या घरी उतरलेला. दुपारची वेळ, पोटात भूक, गच्चीवर प्रार्थना करताना त्याला आकाशातून मोठी चादर खाली येताना दिसते. तीत सगळे चतुष्पाद, सरपटणारे, पाखरं. वाणी होते, मार आणि खा. पेत्र म्हणतो, छे, अशुद्ध काही मी कधी खाल्लेलं नाही. तीनदा हेच होतं. लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला त्या चादरीत आमच्या वाडीतलं डुक्कर दिसायचं, केळीच्या सोपटासकट.

व्याह्यांना हे फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, पण पेत्रानं स्वतः त्याचा अर्थ काय सांगितला? अठ्ठाविसावी ओवी बघा." बघितली. तो म्हणतो, देवानं मला दाखवलं की कुठल्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये. माणसाला. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकायची ती तयारी होती. खरंय त्यांचं. त्या चादरीवर आमचं सगळं सोरपोतेल उभं आहे असं मी समजत होतो, तर ती पाहुण्यासाठी अंथरलेली निघाली.

तरी मार्क ७ आहेच. बाहेरून पोटात जातं ते माणसाला विटाळत नाही, आतून निघतं ते विटाळतं, आणि एकोणिसाव्या ओवीत मार्क म्हणतो की असं सांगून येशूनं सगळं अन्न शुद्ध ठरवलं. माझ्यापुरता प्रश्न तिथे मिटतो. त्यांच्यापुरता मिटत नाही. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही डुक्कर खात नाहीत, आणि ख्रिस्ती म्हणून ते आमच्यापेक्षा हजारेक वर्षं जुने. वसईत पोर्तुगीज आले १५३४ ला.

ताईला हे सांगायची सोय नाही, पण तिचा ताठा कुठून आला असेल याबद्दल माझा एक अंदाज आहे. पोर्तुगाल-स्पेनमध्ये बाटवलेल्या यहुद्यांना 'मारानो' म्हणत, म्हणजे डुक्कर. जो डुक्कर टाळेल तो आतून यहुदी किंवा मुसलमान राहिलाय असा संशय. गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. असल्या हवेत सोरपोतेल खाणं म्हणजे आपण पक्के आहोत याचा दाखलाच असणार. १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, दाखला दाखवायला कोणी उरलं नाही. आम्ही मात्र अजून दाखवतोय.

रात्री झोप येईना. अलिबागची आठवण आली.

नोकरीची पहिली चार वर्षं मी अलिबागला होतो, इस्राएल आळीत भाड्याच्या खोलीत. घरमालकीण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. नऊवारी नेसणारी, बोलणं शुद्ध कुलाबा जिल्ह्याचं. तिच्या घरी शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवार संपेपर्यंत चूल पेटत नसे. पूर्वी त्यांना शनिवार तेली म्हणत, घाणा शनिवारी बंद म्हणून. तिनं मला त्यांच्या लोकांची गोष्ट सांगितली होती: नवगावला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ बुडाले. कित्येक पिढ्यांनी दावीद राहाबी नावाचा कोणी परका आला. हे खरंच यहुदी का हे बघायला त्यानं बायकांपुढे मिसळ मासळी टाकली. त्यांनी खवल्याची मासळी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. प्रार्थना विसरलेल्या लोकांना कुठली मासळी टाकायची ते लक्षात होतं.

एकदा नाताळची सुट्टी संपवून मी आईनं दिलेलं चुरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, ट्रंकेत घालून आलो. व्हिनेगर आणि लसणाचा वास ट्रंकेत राहतोय थोडाच! म्हातारी दारात आली, काही बोलली नाही. संध्याकाळी एक जुना तवा आणून ठेवला. "हा तुझा. माझ्या मोरीत धुवू नकोस, विहिरीवर ने." झालं. पुढे तीन वर्षं तवा माझ्याकडे होता. तिनं मला कधी विचारलं नाही की तू का खातोस, मी तिला विचारलं नाही की तू का खात नाहीस.

शनिवार पाळणारं हे माझ्या आयुष्यातलं दुसरं घर.

शुक्रवार

निर्णय झाला. रविवारी कोंबडी, मटण, पापलेट आणि फुगे, म्हणजे आमचे पिठाचे तळलेले गोळे. कोळंबी रद्द, हॉलमध्ये दारू नाही. सोमवारी घरच्यांसाठी आणि राबलेल्या पोरांसाठी मागच्या अंगणात सोरपोतेल. तसंही ते मुरल्याशिवाय खाऊ नये. ताई म्हणाली, "म्हणजे चोरून." मी तिला संत पौलाचं पत्र ऐकवलं, रोमकरांस अध्याय १४: अन्नासाठी देवाचं काम मोडू नको. ती म्हणाली, "पौलाला बहीण नव्हती वाटतं." होती, पण ते बोललो नाही.

शनिवार, सकाळी

पहाटे साडेपाचला बाजारात गेलो. पौलानं करिंथकरांना लिहिलंय की बाजारात विकतात ते मनाची टोचणी लावून न घेता, चौकशी न करता खा. त्याचा प्रश्न मूर्तीपुढे वाहिलेल्या मांसाचा होता. मी मात्र हल्ली चौकशी केल्याशिवाय गाडीची डिकी उघडत नाही. यात माझी श्रद्धा कमी झाली असं मला वाटत नाही. डुक्कर अनोळखी झालंय.

लहानपणी ओळखीचं होतं. आमच्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेला खोपटात दोन असायची. भाताचा कोंडा, पेज, केळीची सोपटं. आणि लपवण्यात अर्थ नाही, परसाकडचंही. शेवटचे दोन महिने वडील त्याला बांधून घालत आणि कोंड्यावर ठेवत, 'साफ व्हायला'. पेंढा पेटवून केस जाळले की आख्ख्या वाडीला कळायचं की उद्या कोणाकडे जेवण आहे. लेवीय लिहिणाऱ्याला हे दिसलं असतं तर त्यानं एक ओवी वाढवली असती.

बांधून ठेवणं हे वडिलांचं विज्ञान होतं, अर्धवट का होईना. उरलेलं मला पुढे मेव्हण्याच्या पोराला फिट आली तेव्हा कळलं. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, पट्टकृमीची. घरात सगळे डुकराला शिव्या देऊ लागले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर त्यातल्या अळीचा आतड्यात लांब जंत होतो. मेंदूतली गाठ होते ती त्या जंताच्या अंड्यांनी, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या भाजीवरून, पाण्यातून, हातावरून. जन्मात डुक्कर न खाल्लेल्या माणसालाही होते. डुकराच्या अंगात अळी जाते तीसुद्धा त्यानं माणसाची घाण खाल्ल्यानं. एवढं ऐकून माझ्या डोळ्यांपुढे आमचं खोपटं आलं आणि मी बराच वेळ गप्प बसलो.

दुकानदाराला आज विचारलं: कुठे कापलं? डॉक्टरचा शिक्का कुठाय? त्यानं मांडीवरचा शिक्का दाखवला. कातडीला घट्ट चिकटलेली पांढरी चरबी, गुलाबी मांस, दाबल्यावर बोट उमटून राहिलं नाही. कापात तांदळासारखे पांढरे दाणे शोधले, नव्हते. असते तर तिथेच ठेवून आलो असतो. मग विचारलं, खायला काय घालतात, अँटिबायोटिक देतात का? कोलिस्टिन म्हणून एक औषध आहे, माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं. खाण्याच्या जनावरांना ते द्यायला केंद्र सरकारनं २०१९ ला बंदी घातली. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, मी कापतो. वाढवतो दुसरा, आणतो तिसरा." खरं बोलला. ज्याला मी विचारायला हवं तो माणूस त्या दुकानात नव्हताच.

२००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूनं पहिला बळी गेला तेव्हा याच गल्लीत शुकशुकाट होता. तो आजार पोर्क खाऊन होत नव्हता, तरी माणसं तोंडावर रुमाल धरून दुकानासमोरून जायची. तेव्हा नको ते घाबरलो, आणि जे विचारायचं ते विचारलंच नाही.

ताईनं रक्त आणायला सांगितलं होतं, रक्ताशिवाय सोरपोतेल नाही म्हणून. प्रेषितांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेनं परराष्ट्रीय, म्हणजे मुळात यहुदी नसलेल्या, ख्रिस्त्यांना डुकराची बंदी घातली नाही, पण रक्त टाळा असं लिहून पाठवलं. म्हणजे आमच्याकडे सगळे डुकरावर भांडतात आणि रक्ताबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही! मी मात्र रक्त नाकारलं ते त्या सभेमुळे नाही. दुकानदारानं खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढली, ती कालची का आजची हे त्यालाच सांगता येईना.

घरी आल्यावर पोरानं मांसात खुपसायचा थर्मामीटर काढला. ऑनलाइन मागवलाय. ७१ अंश झाले म्हणजे निर्धोक, म्हणे. त्याच्या आईनं आधणाच्या टोपाकडे बोट दाखवलं. सोरपोतेलाचं मांस आधी आख्खं उकडतात, मग बारीक कापून तळतात, मग मसाला-व्हिनेगरमध्ये पुन्हा शिजवतात. "घाल तुझी काडी," ती म्हणाली, "आणि मीठ किती आहे तेही बघ."

रविवार, रात्री

पाहुणे काल सूर्य मावळल्यावर पुण्याहून निघाले, मध्यरात्री पोचले. साखरपुडा नीट झाला. पापलेट संपलं. ताईनं हसून वाढलं. ती वाढताना कधी चिडत नाही.

संध्याकाळी मुलीची आजी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत. मागच्या पडवीत सोरपोतेलाचा टोप मंद चुलीवर होता, उद्यासाठी एक आधण द्यायला. व्हिनेगर, लसूण, बॉटल मसाला. वास दडवायचा कुठे? मी जरा ओशाळलो, काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

आजीनं हात वर केला. "वास छान येतोय," म्हणाली. "कशाचा ते सांगू नका." आणि पेला विसळून पालथा घालून बाहेर गेली.

मी झाकण नीट बसवून वर वरवंटा ठेवला. आमच्याकडे मांजर येतं.