तर्रीत अडकलेला जीव

मला शाकाहारी व्हायचंय. आणि मटण मला भयंकर आवडतं. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात आणि सोमवार ते शनिवार त्यांचं आपसात काही भांडणही नसतं, पण रविवारी सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी आणि भाजलेल्या मसाल्याचा वास एकदम आला की मग सुरू होतं.

लोकांना वाटतं की ज्याला मटण सोडायचंय त्याला ते नकोसं झालं असेल, कुठे कापताना पाहून किळस बसली असेल, नाहीतर डॉक्टरने दम दिला असेल. माझं तसलं काही नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत. खाटकाच्या दुकानासमोरून गाडी काढताना माझी नजर आजही आधी रान कोवळी आहे का, नळी शिल्लक आहे का इकडेच जाते आणि मग लक्षात येतं की अरे आपण तर सोडायचं ठरवतोय.

मग सोडायचं कशाला? तर मला स्वतःशी वाद जिंकता येत नाहीये, एवढंच कारण. कॉलेजात असताना मी या वादात पटाईत होतो. शाकाहारी मित्र काही बोलला की लगेच जगदीशचंद्र बोस काढायचे, वनस्पतींनाही संवेदना असतात, तुझ्या पालकाला पण जीव आहे बे, संपला विषय. पुढे कधीतरी डोक्यात आलं की बोकड काय हवा खाऊन मोठा होतो का, तो पण जन्मभर पालाच खातो, म्हणजे मला झाडांची एवढी काळजी असेल तर मी बोकड खाण्याऐवजी सरळ पालाच खाल्ला तर एकूण पाला कमी मरेल. बोस साहेब गेले. मग निसर्गाचा नियम, वाघ काय डाळ-भात खातो का, हे आपल्याकडे फार चालतं कारण ताडोबा जवळ आहे. पण वाघाला पर्याय नाही आणि मला घरापासून पाच मिनिटांवर भाजीबाजार आहे. आणि हवामानाचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात. त्यात आपली बकरी कमी आणि गाईगुरं जास्त आहेत, हे मी लगेच शोधून काढलं आणि थोडा वेळ बरं वाटलं. पण बोकडाला मरायचं नसतं ही साधी गोष्ट काही केल्या शोधून खोटी पाडता येत नाही.

बुद्धी झाली शाकाहारी. जिभेला हा निरोप अजून पोचायचाय.

आणि जीभ नागपूरची आहे हा मोठा प्रॉब्लेम आहे राजेहो. दुसऱ्या एखाद्या गावात असतो तर इतका त्रास झाला नसता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. इथे सावजी आहे. हलबा कोष्टी समाजाच्या, विणकरांच्या घरातलं हे जेवण. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ ला इथे सुरू झाली, गिरणीचं कापड स्वस्त पडायला लागलं, हळूहळू हातमाग बसत गेले, मग गिरण्याही बसल्या, आणि त्या घरांतल्या चुलीवरचं जेवण बाहेर भोजनालयांत आलं. गोळीबार चौक, इतवारी, महाल, कुठेही जा, सावजीची पाटी सापडतेच. एका चांगल्या भाजीचा जन्म धंदा बुडाल्यामुळे गावभर झाला, याचं मला खाताना नेहमी थोडं वाईट वाटतं आणि मग मी आणखी एक भाकरी मागवतो.

त्या मसाल्यात काय काय पडतं ते प्रत्येक घरचं गुपित आहे, पण खसखस, सुंठ, दगडफूल, जायपत्री, लवंग, काळी मिरी ही मंडळी असतातच, जुन्या घरांत जवसाचं तेल, आणि रस्सा दाट करायला थोडं ज्वारीचं पीठ. वर ती लालकाळी तर्री. बाहेरचा माणूस पहिला घास घेतो तेव्हा त्याला वाटतं नुसतं तिखटच आहे, तिखट तर आहेच, तिखटातला जो झणझणीत पदार्थ असतो तो पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो म्हणून सगळा जाळ तर्रीतच येऊन बसतो, पण त्या जाळाच्या मागे जे काही आहे त्याच्यासाठी आम्ही नाक पुसत पुसत खातो. खूर, सुंदरी, भेजा, कलेजी, हे शब्द नुसते बोर्डावर वाचले तरी माझं चित्त स्थिर राहत नाही.

आता शाकाहारी मित्र म्हणतात की अरे चव तर मसाल्याचीच असते, मटणाला स्वतःची काय चव आहे, तोच मसाला पाटोडीला, म्हणजे बेसनाच्या वडीला लाव. हे मला पटावं अशी माझी फार इच्छा होती. शिवाय सोय पण आहे, सावजीत पाटोडी रस्सा मिळतो, डाळ कांदा मिळतो, शेवभाजी मिळते आणि सगळ्यांवर तीच तर्री. पाटोडी रस्सा उत्तमच लागतो, त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा ऐकून घेणार नाही. पण तो मटण रस्सा नाही. फरक का पडतो ते मी वाचत बसलो, कारण सोडायचं म्हटल्यावर माणूस त्याच विषयावर जास्त वाचतो. तर मटण दोन-तीन तास मंद शिजतं तेव्हा सांध्यांतलं, कातडीजवळचं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, ते रश्श्यात उतरतं आणि म्हणून खुराचा रस्सा खाल्ल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात. बेसन कितीही जीव तोडून शिजलं तरी ते करू शकत नाही. शिवाय मांसात इनोसिनेट नावाचा एक घटक असतो, आणि टोमॅटोसारख्या गोष्टींत ग्लुटामेट, आणि हे दोन एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही तर गुणाकाराने वाढते. म्हणजे आजी मटणात टोमॅटो टाकायची ते काही उगाच नव्हतं.

पण याच वाचनात एक बरी गोष्ट सापडली. या चवीला हल्ली उमामी म्हणतात, आणि किकुनाए इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकाने १९०८ मध्ये ती पहिल्यांदा वेगळी काढली तेव्हा ती मांसातून काढलेलीच नव्हती, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून काढली होती. इनोसिनेट वाल्या सुक्या मासळीचा नंबर त्याच्या शिष्याने १९१३ मध्ये लावला. म्हणजे जिला आपण आयुष्यभर मटणाची चव म्हणत आलो तिचा पहिला पत्ता शाकाहारीच निघाला. सुक्या मशरूममध्येही असाच एक जोडीदार घटक असतो. आपल्याकडे पावसाळ्यात भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडून सात्या येतात, वारुळाजवळ उगवणारे ते रानातले मशरूम, त्यांची भाजी ज्याने खाल्लीय त्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. फक्त ते येतात पावसाळ्यात थोडेच दिवस आणि भाव विचारला तर मटण स्वस्त वाटतं.

सोयाबीन वडीचं मात्र मला माफ करा. अख्ख्या विदर्भात सोयाबीनच सोयाबीन पेरलंय, तेल काढून उरलेल्या पिठाची ती वडी बनते, प्रोटीन भरपूर आहे, शेतकऱ्याच्या दृष्टीने पण बरंच, सगळं मान्य. पण ओल्या स्पंजासारखी ती गोष्ट दाताखाली आली की मला मटणाची आठवण कमी न होता दुप्पट होते. नक्कल करणाऱ्या पदार्थांचा हाच घोळ आहे, ते सतत अस्सल गोष्टीचं नाव काढत राहतात. त्यापेक्षा भरीत बरं. हिरव्या मिरचीचं, चुलीवर वांगं भाजून, वरून कच्चं तेल आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. भरताला कोणाचीच नक्कल करायची नसते.

या सगळ्यात मला आधार वाटतो तो गांधीजींचा, आणि आधार म्हणजे ते सेवाग्रामचे पंचा नेसलेले गांधीजी नाही, राजकोटमधला शाळकरी मोहन. मित्राच्या नादाने त्याने चोरून मटण खाल्लं आणि रात्री झोपेत पोटात जिवंत बकरा बेंबें करतोय असं वाटलं, हा किस्सा सगळ्यांना माहितीय. पण त्यांनी स्वतः पुढे काय लिहून ठेवलंय ते लोक सांगत नाहीत, की नंतर त्यांना मांसाचे पदार्थ आवडायला लागले होते, चवीने खात होते. सोडलं ते आईवडिलांशी खोटं बोलावं लागतं म्हणून, आणि तेव्हा मनात असं होतं की ते नसतील तेव्हा उघडपणे खाऊ. सोडण्याआधी आवड जावी लागते अशी काही अट नाही, हे मला त्या पोराकडून कळलं. मी कित्येक दिवस आवड जायची वाट बघत होतो. ती जात नाही. आपण नळी फोडायला बसलो नाही तरी ती शेजारी बसून राहते.

आता खरी अडचण सांगतो, आणि ती जिभेची नाहीच. आपल्याकडे शाकाहारी होणं म्हणजे फक्त ताटातली एक वाटी बदलणं नसतं. माझा एक मित्र चांगला कमावता, नवराबायको दोघं नोकरीला, त्याला भाड्याने घर शोधताना फोनवर पहिला प्रश्न काय, तर नॉनव्हेज खाता का, आणि दुसरा प्रश्न आडनाव. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात मिळालं तर दुसरा विचारत पण नाहीत. "प्युअर व्हेज" मधला तो प्युअर मला अजिबात पचत नाही, मग बाकीचे काय भेसळ आहेत का? सरकारच्याच २०१४ च्या नमुना सर्वेक्षणात देशातले १५ वर्षांवरचे जवळपास ७१ टक्के लोक मांसाहारी निघाले होते, म्हणजे ही प्युअर मंडळी अल्पसंख्य आहेत आणि तरी घरं त्यांच्या नियमाने मिळतात. मी मटण सोडलं तर मला त्यांच्या रांगेत उभं केलं जाईल याची मला भीती वाटते. एका लग्नात मी पनीरच्या बाजूला गेलो तर एक दूरचे काका खूश होऊन म्हणाले, "वा, सुधारला बरं का." त्या क्षणी परत जाऊन प्लेटभर मटण घ्यावं असं वाटलं, निव्वळ त्या सुधारण्याच्या रागाने.

माझ्या त्या मित्राला हे सांगितलं तर तो हसला. दीक्षाभूमीच्या मागच्याच बाजूला राहतो तो, त्याचं वाचन माझ्याहून जास्त. म्हणाला, बुद्धाने भिक्खूंना सुद्धा सरसकट बंदी केली नव्हती, आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही आणि तशी शंका नाही, अशा तिन्ही बाजूंनी शुद्ध असेल तर भिक्षेत आलेलं चालायचं. मी लगेच हिशोब मांडायला लागलो, लग्नातलं मटण कोणासाठी मारलेलं असतं, दोनशे लोकांसाठी, म्हणजे माझ्या वाट्याला शंका किती. तो म्हणाला, "भाऊ, भिक्षा आणि बुफे यात फरक असते ना पन."

असते.

तसं पाहिलं तर आपण मराठी माणसं अर्धवेळ शाकाहारी असतोच. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, आणि अख्खा श्रावण. म्हणजे न खाण्याची प्रॅक्टिस पिढ्यान्पिढ्या आहे, प्रश्न फक्त परत सुरू करण्याचा आहे. श्रावण सुरू व्हायच्या आधी आखाडी म्हणून असं तुटून पडायचं की महिनाभराचं पाणी भरून ठेवतोय. आणि श्रावण संपतो पोळ्याला, दुसऱ्या दिवशी नागपुरात वाईट गोष्टी गावाबाहेर घालवायला काळी आणि पिवळी मारबत अशा पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे निघतात, गर्दीत सगळे ओरडतात, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! यंदा मी पण ओरडलो की माझी मटणाची वासना पण घेऊन जा गे मारबत. बाजूच्या पोराने ऐकलं, तो म्हणाला, "काका, ते नका नेऊ म्हना, आज तं पाडवा हाय." आणि खरंच, मिरवणूक संपवून घरी येईपर्यंत मटणाच्या दुकानासमोर रांग कोपऱ्याच्या पुढे गेली होती. महिनाभर मजेत वरण-भात खाल्लेली माणसं होती सगळी. मी पण त्यांच्यासारखाच खाल्ला होता आणि कुठे काही अडलं नव्हतं, हे त्या रांगेकडे बघताना फार जाणवलं. न खाणं जड जात नाही, कधीच न खाणं जड जातं. म्हणून मी सध्या "कायमचं सोडलं" असं कोणाला सांगत नाही, आज नको एवढंच सांगतो, आणि असे आज नको बरेच साठलेत.

घरी आता आणत नाही. बायकोला तसंही फार नव्हतं, तिने एवढंच विचारलं की मग रविवारी काय, आणि रविवारी आता वडाभात असतो, वर हिंग-लसणाचं तेल ओतून. मुलगा बाहेर खातो, खाऊ दे, त्याच्या ताटाचा वकील मी नाही.

राहता राहिली आई. ती अजून जुन्या घरी, महालात. तिला सगळं समजावून सांगितलं, बोकड, हवामान, गांधीजी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खायचं असन तं खा, नसन तं नको खाऊ, पन ताटावर बसून भाषन नको देऊ." बरोबर आहे तिचं. तेव्हापासून मी तिथे भाषण देत नाही. मग पुढच्या वेळी तिने माझ्यासाठी पाटोड्या केल्या, सोबत वाटीत रस्सा, आणि मी वाटीकडे संशयाने बघतोय हे पाहून म्हणाली, "पीस काढून टाकले ना बाप्पा सगळे. नुसता रस्सा हाय. रस्सा तं शाकाहारीच असते."

जिलेटिनचं एवढं सगळं वाचून बसल्यावर त्या वाटीला शाकाहारी म्हणायची माझी हिंमत होत नाही. आणि ती सरकवून द्यायची तर त्याहून नाही. सध्या आईकडचं खातं वेगळं ठेवलंय, त्यात तर्री चालते.