आमची वाटचाल : टीव्ही आमच्या पडद्यावर

२५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि सोलापुरातल्या आमच्या टॉकीजचा रविवार सकाळचा खेळ बसला. साडेनऊला आमचा डोअरकीपरच शेजारच्या घरात टीव्हीसमोर! वडील तेव्हा गल्ल्यावर बसायचे. पुढे केबल आली, तीही निभावली. मधली वर्षं चालत होतं, एवढंच.

२३ नोव्हेंबर २०१३ ला बीबीसीनं ‘डॉक्टर हू’ या आपल्या मालिकेला पन्नास वर्षं झाली म्हणून केलेला खास भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला, कितीतरी ठिकाणी थिएटरांतही. ही बातमी मुलानं वाचून दाखवली. म्हटलं, टीव्हीनं नेलेला प्रेक्षक टीव्हीच्याच मालिकेनं परत आणू. वाहिनीकडे रीतसर पैसे भरून एका मराठी मालिकेचे शेवटचे भाग मिळवले.

टीव्हीचं चित्र १६ बाय ९ चं. प्रोजेक्टर फ्लॅटवरच (कमी रुंद चित्राची मांडणी) ठेवायचा, स्कोपवर (जास्त रुंद) नाही, आणि बाजूचं मास्किंग, म्हणजे पडद्याच्या कडेचं काळं कापड, आत ओढायचं. मालिकेचा आवाज स्टीरिओ. संवाद मधल्या स्पीकरवर नाही घेतला तर कडेच्या खुर्चीवाल्याला अर्धंच ऐकू येतं. नवीन कोणी हे करणार असेल तर स्केलर, म्हणजे टीव्हीचं चित्र प्रोजेक्टरच्या मापात बसवणारं यंत्र, स्वस्तातला घेऊ नका. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा मात्र वॉरंटीचे तास संपले की बदला, फुटायची वाट बघू नका.

पहिले खेळ भरले. लगेच गावातल्या दुसऱ्या टॉकीजवाल्यानं घरचा सेट-टॉप बॉक्स प्रोजेक्टरला जोडला, निम्मं तिकीट लावलं. परवानगी नाही, काही नाही. चित्र स्कोपभर ताणलेलं, आणि ऐन लग्नाच्या प्रसंगात खाली ‘आपले रिचार्ज संपत आले आहे’! पूर्व भागातल्या एक विडी कामगार अक्का आमच्या जुन्या गिऱ्हाईक. एकदा तिकडं जाऊन आल्या नि म्हणाल्या, “आमच्या टीव्हीत त्या पोरीचं तोंड असं भाकरीवानी नव्हतं ओ.” त्यानंतर तिकडं पाऊल नाही.

पण त्याचं हे विनापरवाना दाखवणं वाहिनीला कळलं, आणि त्यांनी अख्ख्या सोलापूरचीच परवानगी थांबवली. पैसे आम्ही भरलेले, खेळ आमचे रद्द, आणि तो टॉकीजवाला गावभर मिशीला पीळ देत हिंडला! झेनॉन दिव्याचा हप्ता थकला, वीज तोडायला माणूस आला. कँटीनचा ठेका आगाऊ रक्कम घेऊन दिला तेव्हा बिल भरलं. वाहिनीचा राग निवळायला वर्ष गेलं. त्या वर्षभर अक्का दर शुक्रवारी नवा सिनेमा बघायला यायच्या, कसलाही असो. बाल्कनी देऊ केली तरी नको, खालीच बसणार.

आता मालिका आणि सामने, दोन्हींचे करार कागदावर होतात. त्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालंय. परवा जेवायला गेलो होतो. नवरा-नवरीचं शूटिंग मोठ्या पडद्यावर लावलं होतं, अजून ताणलेलंच.