गड्ड्याला गेलो आणि…

१२ जानेवारी २०२५. गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा बघायची म्हणून सकाळी सकाळी सोलापूर स्टेशनला उतरलो. लॉज पार्क चौकाच्या बाजूला होता. "मामा, चार पुतळ्याला सोडा," म्हटलं, तर रिक्षावाले मामा मागं वळून म्हणाले, "हार घालाया आलाव का?"

तेव्हा कुठं तारीख डोक्यात शिरली. चार पुतळे म्हणजे चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली, तीही इथं नाही, पुण्याला येरवड्यात. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पुढं मार्शल लॉ आला. दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला. त्यांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. पुतळ्यांपाशी झेंडूच्या हारांचा ओला वास होता. हार इतके, की एका पुतळ्याची हनुवटीच दिसेना. शेजारी सिटी बसचा कंडक्टर "चार पुतळा, चार पुतळा" ओरडत होता. नावांचा स्टॉप झाला की माणसं रोज तोंडी येतात, पण आठवतात का, कोण जाणे.

रात्री ज्यांच्याकडं जेवलो ते काका मूळचे सांगोल्याचे. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गणपतराव देशमुख, असा बेत. शेकापच्या, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर सांगोल्याचे अकरा वेळा आमदार, आणि फिरायचे एसटीनं. ३० जुलै २०२१ ला त्यांनी सोलापुरातच प्राण सोडला. "आमचा माणूस तुमच्या गावात गेला," काका बायकोला चिडवत म्हणाले. काकू सोलापूरच्या. त्या काही बोलल्या नाहीत, भाकरी मोडत राहिल्या.

१४ ला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न. तळ्याकाठी संमती कट्ट्याकडं निघालो तर गर्दीत कुजबुज. माजी महापौर महेश कोठे सकाळी प्रयागराजला कुंभस्नानानंतर हृदयविकारानं गेले. माझ्या पुढचे पांढऱ्या बाराबंदीतले (जत्रेचा पारंपरिक अंगरखा) आजोबा फोनवर कानडीत बोलत होते. मला त्यातलं 'कोठे' तेवढं कळलं. फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात नंदीध्वज, जत्रेत मिरवतात त्या उंच सजवलेल्या काठ्या, आले. संमती, म्हणजे लग्नाच्या मंगलाष्टका, वाचली गेली, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं, आणि चहूकडून अक्षता उडाल्या. आजोबांनीही मूठ उघडली. थोडे तांदूळ माझ्या कॉलरमध्ये गेले, ते रात्री लॉजवर सापडले.