फणसाचा पिवळा, पागोळ्यांचं पाणी

मंडळी, दुपट्यांचं काम निम्म्याच्या पुढे सरकलं आहे. कापड रंगवून झालं, एक दुपटं पूर्ण झालं, दुसऱ्याचे काठ दुमडून झालेत. चिपळूणच्या पुतणीचं बाळंतपण श्रावणात आहे, त्यामुळे हात थांबवून चालणार नाही. तरी आज सुई बाजूला ठेवून ही नोंद करते आहे, कारण यंदाच्या पावसाने रंगकामाचा सगळा क्रमच बदलला. फणसाच्या पिवळ्याबद्दल जे आता कळलं, ते तुमच्यातल्या रंगवणाऱ्यांना लगेच उपयोगी पडेल.

आधी पावसाचं सांगते. आम्ही दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या जवळ राहतो. आमच्याकडे मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आगोटीच्या, पावसाआधीच्या तयारीच्या, कामांची टिपेची वेळ. खळ्यात एका बाजूला आंबापोळी, दुसऱ्या बाजूला आमसुलं, मधे फणसपोळीची ताटं. गच्चीवर गाद्या, लाकडं आत ओढायची, कौलं फिरवायची. रंगवलेलं कापड वाळवायलाही मी हेच दिवस धरून ठेवले होते. मृग लागेपर्यंत ऊन आपलंच, हा इथला वर्षानुवर्षांचा हिशेब.

यंदा रोहिणी लागायच्या आधी, कृत्तिकेतच पाऊस सुरू झाला. वळवाची एखादी सर आम्हाला नवी नाही, ती येते आणि जाते. हा पाऊस गेलाच नाही. अरबी समुद्रात किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ते तीव्र झालं आणि २४ मे २०२५ रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान जमिनीवर आलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोहोचला. तिथे त्याची नेहमीची तारीख १ जून. २५ मे रोजी तो तळकोकणात होता आणि २६ मे रोजी मुंबईत, जिथे तो सहसा ११ जूनच्या आसपास येतो. म्हणजे केरळ ते मुंबई हे अंतर त्याने तीन दिवसांत तोडलं, आणि आमची आगोट मधल्या मधे राहिली.

घरात काय झालं असेल ते कोकणातल्यांना सांगायला नको. अर्धवट वाळलेल्या फणसपोळ्या माजघरात पंख्याखाली आल्या. आमसुलांना रसाची पुटं द्यायची राहिली होती, ती ओलीच मिठात घातली. भाताची धूळपेरणी झालीच नाही, घरच्यांनी मोड आणून पेरलं. आणि माझ्या मलमलीचे तागे, सोड्यात उकळून स्वच्छ केलेले, ओटीवरच्या दांडीवर लोंबकळत राहिले.

आता रंगाकडे येते. ज्यांना फणसाचा पिवळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फणसाच्या लाकडाचा आतला गाभा पिवळाधमक असतो. त्यात मोरिन नावाचा रंगद्रव्याचा घटक असतो. बाहेरचं पांढरट लाकूड उपयोगाचं नाही, गाभाच हवा. थायलंड-म्यानमारकडे बौद्ध भिक्षूंची चीवरं परंपरेने याच रंगात रंगवली जात. आपल्याकडे दारादारात फणस, पण आपण लाकडाच्या चौकटी करतो आणि भुसा चुलीत घालतो, याचं मला फार वाईट वाटतं. कुठेही फणसाचं काम चाललेलं दिसलं तर सुताराकडून रंध्याखालच्या ढलप्या मागून घ्या.

माझ्याकडचं लाकूड परसातल्या बरक्या फणसाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तो मुळासकट आडवा झाला. त्याच्या फळ्यांची दारं झाली, आणि उरलेले गाभ्याचे तुकडे मी पडवीच्या माळ्यावर टाकून ठेवले होते. पाच वर्षं मुरलेलं लाकूड आहे. रंध्याने पातळ ढलप्या काढल्या की खालचं वर्तमानपत्रसुद्धा पिवळं दिसतं.

तर पाण्याची गोष्ट. आमच्याकडे जांभा दगड, त्यात लोह भरपूर, आणि बोअरच्या पाण्यात ते उतरतं. पांढऱ्या कपड्यांना कालांतराने येणारी तांबूस झाक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. रंगकामात हे लोह आणखी निराळं वागतं. रंग कापडाला धरून राहावा म्हणून तुरटी देतात, पण सुती कापडावर नुसती तुरटी नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा द्यावा लागतो. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं आणि टॅनिनला लोह भेटलं की रंग राखाडी-काळ्याकडे जातो. म्हणून आमच्या बोअरच्या पाण्यावर काढलेला फणसाचा पिवळा नेहमी थोडा शेवाळी झुकतो. मोठ्या माणसांच्या गोधडीत तो शेवाळी मला आवडतो, त्याला एक जुनेपण असतं. पण बाळाच्या दुपट्याला मला हळदीच्या जवळ जाणारा स्वच्छ पिवळा हवा होता.

पाऊस लागला त्या संध्याकाळी मी कापडाकडे बघत बसले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, ऊन नाही तर नाही. पागोळीचं पाणी धरून ठेव. आम्ही रेशमी लुगडी त्याच पाण्यात धुवायचो."

पावसाचं पाणी मृदू असतं हे शाळेत शिकलेलं, पण ते पातेल्यात घालावं हे सुचलं त्यांना. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनी कौलांवरची धूळ आणि शेवाळ धुऊन जाऊ दिलं, मग पागोळ्यांखाली स्टीलची घंगाळी आणि प्लॅस्टिकच्या बादल्या लावल्या. लोखंडी बादली कटाक्षाने टाळली. पाणी फडक्यातून दोनदा गाळलं.

आणि मग ती चाचणी केली, जी प्रत्येकाने आपापल्या पाण्यावर करावी असं मला मनापासून वाटतं. दोन पांढरे कप घ्या. एकात तुमचं रोजचं पाणी, दुसऱ्यात पावसाचं. दोन्हींत चिमूटभर हिरड्याची पूड टाका आणि ढवळून ठेवून द्या. माझ्या पावसाच्या कपात पूड खाली बसली आणि वर फिकट पिवळसर पाणी राहिलं. बोअरच्या कपात मात्र पूड खाली जाता जाताच तिच्याभोवती निळसर करडी धुरी पसरायला लागली. कपाच्या कडेला एक काळपट रेघ धरली आणि थोड्या वेळाने सगळं पाणी पाटीच्या रंगाचं झालं. इतकं डोळ्यांसमोर घडतं की पुन्हा कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्यांच्या विहिरीचं पाणी या चाचणीत स्वच्छ राहील त्यांना पावसाची वाट बघायची गरज नाही.

प्रमाण लिहून ठेवते. कोरडं कापड ४०० ग्रॅम. "कोरडं" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सूत हवेतला ओलावा ओढतं. नेहमीच्या हवेतही त्याच्या वजनात साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आमच्या पावसाळी हवेत त्याहून जास्त. म्हणून इस्त्री फिरवून लगेच वजन केलं. हिरडा पूड ८० ग्रॅम, म्हणजे कापडाच्या पाचवा हिस्सा. कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं, पिळलं, न धुता वाळवलं. मग तुरटी ६० ग्रॅम, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून, पुन्हा रात्रभर. त्यानंतर हलकं खळबळून घेतलं. ढलप्या कापडाच्या दुप्पट, ८०० ग्रॅम, आदल्या रात्री भिजत घातल्या आणि सकाळी तासभर मंद उकळल्या. रस गाळून त्यात कापड घातलं, उकळी फुटू न देता तासभर ठेवलं आणि त्याच पाण्यात थंड होऊ दिलं. तांब्याचं पातेलं वापरू नका, त्यानेही रंग बदलतो. स्टील उत्तम.

खरी कसोटी वाळवण्याची होती. हिरडा दिलेलं कापड दांडीवर उभं टांगलं आणि हवा दमट असली की पाणी हळूहळू खाली उतरतं, सोबत टॅनिनही उतरतं, आणि खालच्या काठाला गडद पट्टा येतो. उन्हात कापड भराभर वाळतं म्हणून हे फारसं जाणवत नाही. त्यात त्या दिवसांत वीजही येत-जात होती, पंख्याचा भरवसा नव्हता. मग न्हाणीघराच्या चुलीची ऊब कामी आली. पाणी तापवून झालं की निखारे बाजूला ओढायचे, धूर पूर्ण थांबू द्यायचा आणि मग समोर दोन खुर्च्यांवर कापड आडवं पसरायचं. घरातलं जे कुणी आंघोळीला जाईल त्याने ते उलटायचं, असा नियम केला. धाकट्या दिराने तो सगळ्यांत काटेकोर पाळला. पट्टा कुठेही आला नाही. अर्धवट ओलसर राहिलेलं कापड उलट्या बाजूने इस्त्री करून संपवलं, कारण ओलं कापड तसंच घडी करून ठेवलं तर या हवेत बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते जन्मात जात नाहीत.

रंगवल्यानंतर मात्र ऊन नसल्याचं काही वाईट वाटलं नाही. फणसाचा पिवळा थेट उन्हात फिका पडतो. फाल्गुनात मी एक रंगवलेली पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून दक्षिणेच्या खिडकीत ठेवली होती. आता पुठ्ठा काढला तर उघडी बाजू एक छटा उतरली आहे. पिवळा आहेच, पण झाकलेल्या भागातली चमक त्यात नाही. हा रंग सावलीतच वाळवायचा असतो, आणि सावली यंदा हवी तेवढी होती.

रंग कसा आला? पागोळ्यांच्या पाण्यातला पिवळा ताज्या हळकुंडाच्या आतल्या भागाशी लावून पाहिला, त्याच्यापेक्षा किंचित मऊ, पण करडेपणा अजिबात नाही. जुना शेवाळी नमुना शेजारी ठेवला की दोन वेगळ्या झाडांचे रंग वाटतात. तेच लाकूड, तोच हिरडा, तीच तुरटी. फक्त पाणी वेगळं.

कोकमाबद्दल बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सांगून टाकते: सालींचा गुलाबी पहिल्या दिवशी मन मोहून घेतो, पण धुण्यात आणि उजेडात टिकत नाही. कोकम सोलकढीत घाला.

शिवणकामाकडे वळते. दुपटं मीटरभर चौरस, तीन थरांचं. वरचा थर रंगवलेली मलमल, मधे आणि खाली सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचं कापड, जे धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की नव्या कापडाला तो स्पर्श येणारच नाही. इथल्या हवेला तीन थर पुरे. चौथा थर घातला की पावसाळ्यात दुपटं वाळता वाळत नाही, आणि बाळाचं दुपटं रोज धुवावं लागतं. आधी मधोमधून बाहेरच्या दिशेने कच्चे टाके घालून घेतले, म्हणजे थर सरकत नाहीत. मग काठ आत दुमडून कडेपासून धावदोरा, गोल गोल आत जाणारा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. गाठी सगळ्या थरांच्या आत दडवल्या, बाळाच्या अंगाला एकही लागता कामा नये.

दोराही त्याच पातेल्यात रंगवला होता. सुती दोऱ्याची लड मलमलीपेक्षा गडद रंगली, त्यामुळे टाके पिवळ्यावर पिवळेच असूनही उठून दिसतात. खिडकीतून तिरका उजेड आला की प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि दुपट्यावर उथळ घड्यांच्या ओळी दिसतात. मला या कामातलं सगळ्यांत जास्त काय आवडत असेल तर ते हेच.

दमट हवेत सुई अडकते. सूत फुगलेलं असतं आणि बोटंही ओलसर असतात. टाल्कम पावडरीच्या छोट्या डबीत सुया ठेवते, त्याने गंजही धरत नाही आणि सुई सरकतेही. अंगुस्तान मात्र पाहिजेच.

धुण्याची चाचणीही झाली. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात हा पिवळा गडद होऊन तांबूस झुकतो, कारण पावडर अल्कधर्मी असते. लिंबाच्या पाण्यात तो फिका होतो. रिठ्याच्या पाण्यात जसाच्या तसा राहिला. म्हणून दुपट्यांसोबत रिठ्याची पुरचुंडी आणि एक चिठ्ठी पुतणीला देणार आहे.

बोअरच्या पाण्यातला शेवाळी मी सोडलेला नाही. उरलेल्या ढलप्यांतून घरच्या वाकळीसाठी तो मुद्दाम काढणार आहे. शिवाय गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात आंबत घातले आहेत, त्यातून हिरड्यावर काळा काढायचा बेत आहे, काठाच्या पट्ट्यांसाठी. या उष्ण दमट हवेत ते पाणी भराभर आंबतंय, वर फेस धरलाय. कुणी फणसाचा पिवळा तागावर किंवा लोकरीवर करून पाहिला असेल तर लाकूड किती वर्षांचं होतं आणि पाणी कुठलं होतं, एवढं नक्की कळवा. पुढची नोंद दुसरं दुपटं पुरं झाल्यावर, काळ्याच्या नमुन्यांसकट.