साक्सायवामानच्या आधी सुट्टे

पेरूतल्या कुस्कोला जाणार असाल तर खिशात दहा-वीस सोलच्या (सोल म्हणजे तिथलं चलन) नोटा ठेवा. उंचीचा त्रास, टोपी, सनस्क्रीन हे सगळे सांगतात, सुट्ट्यांचं कुणी सांगत नाही.

साक्सायवामान हे इंकांचं जुनं दगडी बांधकाम शहराच्या अगदी डोक्यावर, सुमारे ३७०० मीटरवर आहे. स्पॅनिश लोकांनी त्याला किल्ला ठरवलं, पण इंकांचे मोठे विधी आणि समारंभ इथे होत. १९४४ पासून इंती रायमीचा सूर्योत्सव पुन्हा सुरू झालाय, दरवर्षी २४ जूनला. गंमत म्हणजे एकट्या साक्सायवामानचं तिकीट मिळतच नाही. 'बोलेतो तुरिस्तिको', म्हणजे अनेक ठिकाणांचं एकत्र पर्यटक-तिकीट घ्यावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा १३० सोलला सोळा ठिकाणं, दहा दिवस. किंवा ७० सोलला साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा आणि तांबोमाचाय ही चार, पण त्याच एका दिवसात. आम्ही दुसरं घ्यायचं ठरवलं. दोघांचे १४० सोल.

शहरातल्या एका तिकीट खिडकीवर मी १०० च्या दोन नोटा सरकवल्या. बाईंनी त्या उजेडात धरून पाहिल्या, बोटानं खरवडल्या आणि परत केल्या. "नो आय सेंसियो." सुट्टे नाहीत! एसटीत कंडक्टर निदान तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो. इथे तेही नाही. कार्ड दाखवलं तर मान हलली. मागच्या माणसाला पुढे घेतलं, त्यानं वीस-वीसच्या नोटा मोजून दिल्या आणि त्या आमच्या डोळ्यांदेखत गल्ल्यात गेल्या. मी त्या नोटांकडे बोट दाखवलं. पुन्हा तेच, "नो आय सेंसियो."

मग वणवण. किराणावाल्याकडे पाणी घेतलं, त्यानं नोट बघूनच बाटली मागे ओढली. एटीएमवर चाळीस सोल मागितले तर मशीननं आपली फी कापून वीसच्या दोन नोटा द्यायच्या की नाही? नाही, व्यवहारच रद्द. शेवटी डॉलर मोडायला गेलो. ठाण्याहून आणलेल्या नोटेच्या कोपऱ्यावर कुणीतरी पेननं बारीक टिकली मारली होती, तेवढ्यावर पैसे बदलणाऱ्यानं ती बाजूला सारली. (डॉलर घेताना कोऱ्या नोटाच मागा, जरासुद्धा फाटलेली चालत नाही.) तोवर हिचं डोकं ठणकायला लागलं होतं, उंचीच्या त्रासावर तिथे देतात तो कोकाच्या पानांचा चहा पिऊनही. डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला औषधाच्या दुकानात शिरलो आणि तिथल्या मुलीनं एक शब्द न बोलता १०० ची मोड दिली. मी अजून दोन पाकिटं घेतली, केवळ कृतज्ञतेपोटी.

खिडकीवर परत गेलो तेव्हा बरोब्बर १४० ठेवले. बाईंनी हसून तिकिटं दिली. मला काही हसू आलं नाही. दुपार होऊन गेली होती, तिकीट आजचंच आणि ठिकाणं संध्याकाळी बंद होतात.

टॅक्सीनं वर गेलो. फाटकावर तिकिटाला भोक पाडतात, आत सोडतात. आणि मग ती भिंत. तीन थरांत नागमोडी, सगळ्यात मोठे दगड शंभर टनांहून जड, चुन्या-मातीचा ठिपूस नाही. कलत्या उन्हात जवळ जाऊन पाहा: दगडांच्या कडा आतल्या बाजूला गोलसर घासलेल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक सांध्यात सावलीची बारीक रेघ उमटते. सकाळी गेलो असतो तर कदाचित हे दिसलं नसतं, पण खिडकीवाल्या बाईंना याचं श्रेय मी देणार नाही. वर चढलात तर बुरुजांची जोती दिसतात, त्यातलं एक वर्तुळाकार. बुरूज उरले नाहीत, कारण इथलेच दगड नेऊन स्पॅनिशांनी खाली चर्च आणि घरं बांधली. समोरच्या रोदादेरोच्या गुळगुळीत खडकावरून शाळेची पोरं घसरगुंडी खेळत होती.

केन्को धावतपळत झालं. तिथली जमिनीखालची, अखंड खडकात कोरलेली थंडगार खोली चुकवू नका. बाकी दोन राहिलीच.

तुम्ही उलटं करा. सकाळी वाहनानं थेट तांबोमाचायला जा, ते सगळ्यात वर आहे. तिथून पुका पुकारा, केन्को, साक्सायवामान असं उतरत या. दम लागत नाही, टॅक्सीचे पैसेही वाचतात. टॅक्सीवाल्याकडेही सुट्टे नसतात.