गाय नावाचा फोल्डर

नवी उपकरणं आणि फुकटातली सॉफ्टवेअरं हुडकायचा नाद लागला की बुकमार्कांचे ढीग साचतात. फायलींची नावं घाऊक बदलून देणारी अवजारं, बॅटरीची नाडी तपासणारी ॲपं. एकदा उघडायची आणि विसरायची. ‘गाय’ नावाचा फोल्डर मात्र मी रिकामपणी हमखास उघडतो.

त्यातलं जुनं रत्न म्हणजे टोनी मनरो यांचं १९९९ सालचं ‘काउसे’ हे चिमुकलं सॉफ्टवेअर. टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, काहीही लिहा, रेघा-कंसांची गाय ते फुग्यातून बोलून दाखवते. ‘डी’चा पर्याय दिला की डोळ्यांच्या फुल्या होतात, जीभ बाहेर लोंबते, आणि गाय मेली असं समजायचं. उपयोग? शून्य. तरी पंचवीस वर्षांनंतरही लोक ती हौसेनं इन्स्टॉल करतात. डेबियन या लिनक्सच्या अवतारात ‘ॲप्ट-गेट मू’ अशी आज्ञा टाइप केली तर गाय उलट विचारते, आज हंबरलात का? मॅकच्या पेज सेटअपमध्ये तर सुझन केअर यांनी चितारलेला अर्धा कुत्रा, अर्धी गाय असा प्राणी कागद उभा की आडवा ते दाखवायचा.

पण खऱ्या गायीच्या पोटातलं उपकरण या सगळ्यांवर मात करतं. गाय चारा नीट न चावताच गिळते. त्यातून खिळा किंवा तारेचा तुकडा गेला तर तो जाळीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात, अडकतो. आणि जाळीपोटाच्या पुढ्यात, मधल्या पडद्यापलीकडे लगेच हृदय! म्हणून गायीला बोटाएवढं गुळगुळीत लोहचुंबक गिळायला देतात. ते जाळीपोटात जाऊन बसतं आणि लोखंडाचं जे येईल ते धरून ठेवतं. चार्जिंग नाही, अपडेट नाही, पासवर्ड नाही. गाय जगेल तोवर ड्युटी चालू. ते आत आहे की नाही हे बघायलाही साधं होकायंत्र पुरतं. गायीच्या पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या अंगाला धरायचं; सुई वळली की चुंबक आहे. माझ्या इअरफोनचा पत्ता लावायला मला उपग्रह लागतात.

धार काढणारे यंत्रमानवही आहेत. गाय आपल्या मर्जीनं आत शिरते, यंत्र गळ्यातल्या पट्ट्यावरून तिला ओळखतं आणि सड शोधून नळ्या लावतं. नुकतीच येऊन गेली असेल तर धार न काढताच वाटेला लावतं. खुराकाच्या लोभानं पुन्हा पुन्हा येणाऱ्या गायी असतातच.

माझी मात्र लाडकी वस्तू म्हणजे गोठ्यातला फिरता ब्रश. गायीनं अंग टेकवलं की तो आपोआप फिरू लागतो. २०१८ च्या एका प्रयोगात गायींच्या वाटेत वजन लावलेलं फाटक ठेवलं होतं. ताज्या चाऱ्यासाठी त्यांनी जेवढा जोर लावला, जवळजवळ तेवढाच या ब्रशासाठी लावला. पाठीच्या नेमक्या मध्यावर, जिथे हात पोचत नाही, तिथे खाज सुटलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. माणसांच्या मापाचा असा ब्रश कुठे दिसला तर कळवा. फक्त त्याला ॲप नको.